खोटं बोला, पण रेटून

कंटेनर म्हणजे काय हे नव्या पोरांना शिकवताना हमखास एक चित्र दाखवतात: निळा देवमासा आणि त्याच्या पाठीवर रचलेली खोकी. चित्र गोजिरवाणं आहे, फक्त त्यात एक गोची आहे. खोक्यातल्या मालाला आपण खोक्यात आहोत की गोदामात, याच्याशी काही देणंघेणं नसतं. इथे मेमरी किती, घड्याळ कोण लावतं, माझ्यामागे माझ्या पोराबाळांचं कोण बघणार, असं माल कधी विचारत नाही. लिनक्सची सर्व्हिस हे सगळं विचारते. सुरू होताहोताच विचारते, आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर लॉगमध्ये एक ओळ खरडून निघून जाते.

खरं तर कंटेनर नावाची वस्तू लिनक्सच्या कर्नलमध्ये शोधूनही सापडत नाही. तिथे आहे ती थापा मारायची सोय. तिचं सभ्य नाव नेमस्पेस. पहिली थाप २००२ सालची, फाइलसिस्टीमबद्दल: ‘जगात एवढ्याच फायली आहेत.’ मग बाकीच्या एकेक करत आल्या. २००८ च्या जानेवारीत २.६.२४ नंबरचा कर्नल आला, त्यात सगळ्यांत मोठी थाप होती: ‘तू पहिला. तुझ्याआधी इथे कोणी नव्हतं.’ त्याच कर्नलमध्ये सीग्रुपही आले. ते थापा मारत नाहीत. ते शिधा मोजून देतात, आणि कोणी जास्त खाल्ला तर त्याला संपवतात. २०१३ च्या मार्चमध्ये सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं, तेव्हा त्यांनी कुठली नवी थाप शोधून काढली नव्हती. जुन्या सगळ्या थापा एका कमांडीत, एका दमात मारता येतात, एवढंच दाखवलं. जग खूश झालं.

आपल्याकडे या शास्त्राचं मूलसूत्र केव्हाच सांगून ठेवलंय: खोटं बोला, पण रेटून बोला. कर्नलची अडचण अशी की तो खोटं बोलतो, पण रेटत नाही. प्रोसेसला सांगतो, बाई, तू इथे एकटीच आहेस. आणि तिने मेमरी किती म्हणून विचारलं की शेजारपाजार धरून सगळ्या मशीनचा आकडा बिनदिक्कत सांगून मोकळा होतो. जुन्या सर्व्हिसेसना कंटेनरात नीट वागायला लावणं या कामाला भारदस्त पदनामं आहेत आणि बरा पगारही आहे, पण काम एवढंच: थाप जिथे उसवली असेल तिथे टाका घालायचा.

कंटेनरला दोन जीबीची मर्यादा घाला आणि आत जाऊन ‘फ्री’ कमांड चालवा. यजमान मशीनची पुरी ६४ जीबी दिसेल. ‘अपटाइम’ विचारा. आत्ता, चहा गाळेपर्यंत जन्मलेला कंटेनर सांगेल की मी गेले सात महिने अखंड जागा आहे. जावाच्या जुन्या आवृत्त्या या आकड्यांवर भाबडेपणाने विश्वास ठेवायच्या. जावाचा रिवाज असा की जेवढी मेमरी दिसेल तिचा चौथा हिस्सा आपल्या हीपचा. ६४ चा चौथा हिस्सा १६, आणि खिशात दोन. मग एखाद्या गर्दीच्या दुपारी सीग्रुप येऊन काम तमाम करायचा. लॉगमध्ये एक अक्षर नाही, कारण मरणाऱ्याला लिहायला सवडच मिळालेली नसायची. मागे उरायचा तो एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक नऊ, आणि नऊ म्हणजे सिगकिल. २०१८ मध्ये जावा १० आली, तेव्हा कुठे तिला न सांगता आपली खरी ऐपत कळायला लागली. त्याच वर्षी ते शहाणपण जावा ८ च्या १९१ व्या अपडेटमध्येही उतरवलं. तोवर प्रत्येक टीममध्ये एकजण असा असायचा ज्याला ‘एक्सएमएक्स’ हा एकच पर्याय ठाऊक होता, आणि तेवढ्यावर त्याचं अप्रेझल निघायचं.

इंजिनएक्सला ‘वर्कर किती ते तूच ठरव’ म्हटलं की तो मशीनचे कोअर मोजतो. मशीन ६४ कोअरचं, कंटेनरच्या वाट्याला अर्धा कोअर, आणि कामावर हजर ६४ वर्कर. सरकारी कचेरीत खुर्च्या ६४ आणि हजर अर्धा माणूस हे आपण पाहिलंय. उलटा प्रकार पाहायला मिळतो तो इथेच.

पण ही मेमरी-कोअरची थाप किरकोळ. खरा तमाशा त्या पहिल्या नंबरचा आहे.

युनिक्समध्ये एक नंबरची प्रोसेस म्हणजे इनिट. हे पद मानाचं कमी आणि निस्तरण्याचं जास्त. ज्या प्रोसेसचे आईबाप आधी गेले ती पोरकी प्रोसेस एक नंबरच्या ओटीत येते, आणि तीही गेली की तिचं नाव टेबलातून खोडायचं कामही त्याचंच. ते केलं नाही तर ती झाँबी होते: जीव गेलेला, जागा धरलेली. डॉकरमध्ये काय होतं, तर तुमचं पायथनचं स्क्रिप्ट हेच एक नंबर. त्याला वेबपानं वाढायला शिकवलंय, उत्तरक्रिया शिकवलेली नाही. काही दिवसांनी ‘पीएस’ मारून बघावं तर ‘डिफंक्ट’, ‘डिफंक्ट’ अशी मुकाट रांग.

एक नंबरला कर्नल एक कवचही देतो. ज्या सिग्नलची तजवीज त्याने स्वतः केलेली नाही, तो सिग्नल त्याला लागतच नाही. खऱ्या मशीनवर हे रास्त आहे. इनिट पडला तर सगळंच पडतं. पण तेच कवच आपल्या त्या स्क्रिप्टलाही फुकटात मिळतं. तुम्ही ‘डॉकर स्टॉप’ म्हणता, सिगटर्म जातो, स्क्रिप्ट ढिम्म. डॉकर दहा सेकंद थांबतो, मग सिगकिल. कुबरनेटिस जरा सोशिक, तो तीस सेकंद थांबतो, शेवट तोच. त्यातून डॉकरफाइलमध्ये कमांड चौकटी कंसात न घालता साध्या वाक्यासारखी लिहिली, तर पुष्कळदा एक नंबर होऊन बसते शेल, आणि ती वरून आलेला निरोप पोराला सांगतच नाही. मधल्यामध्ये जिरवते. यावर टिनी नावाचा इवलासा इनिट निघाला. निरोप पोचवणं आणि झाँबी उचलणं, एवढी दोनच कामं. जानेवारी २०१७ च्या डॉकर १.१३ पासून तो घरचाच झाला. ‘इनिट’ हा पर्याय दिला की हजर. तो न देणाऱ्यांची संख्या अजून भरपूर आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांचं बरं चाललंय.

आता, निरोप पोचला म्हणजे तो समजला असं नाही. सिगटर्मचा अर्थ पुस्तकात ‘कृपया आवरतं घ्या’ असा दिलाय. प्रत्यक्षात ज्याच्या त्याच्या दारी त्याचा वेगळा अर्थ.

पोस्टग्रेसला सिगटर्म दिला की तो जे करतो त्याला त्यांच्याच कागदपत्रांत ‘स्मार्ट शटडाउन’ म्हणतात. स्मार्ट म्हणजे कसं, तर दिवाणखान्यात पाहुणे बसलेत, रात्रीचे साडेअकरा झालेत, यजमानाने अंगणातला दिवा मालवलाय, फाटकाला कडी घातलीय, आणि आता तो जांभया आवरत ‘बसा हो, घाई काय’ म्हणतोय. नवा कोणी आत यायचा नाही, पण बसलेल्याला ऊठ म्हणायचं नाही. आणि कनेक्शन पूल नावाचा पाहुणा आपणहून कधीच उठत नाही. दहा सेकंदांनी डॉकर येतो आणि पाहुण्यांसकट यजमानालाच उचलतो. डेटा जात नाही, पोस्टग्रेस आपली वही बघून सगळं पुन्हा जुळवतो. पण दर वेळी उठल्याउठल्या आधी ते सव्यापसव्य. म्हणून पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये थांबवण्याचा सिग्नल बदलून सिगइंट केलाय. तो आला की पाहुण्यांना दंडाला धरून बाहेर काढायचं आणि भांडी घासूनच निजायचं.

सिगक्विटचं आणखी निराळं. पोस्टग्रेसमध्ये त्याचा अर्थ ‘आहे तसं टाकून पळ’. इंजिनएक्समध्ये बरोबर उलटा: ‘हातातलं काम सावकाश संपव, मग जा’. एकच सिग्नल, एका दारात शिवी आणि दुसऱ्या दारात आर्जव.

अपाचीने तर कमाल केलीय. सावकाश बंद होण्यासाठी त्यांना एक सिग्नल हवा होता, आणि बरे बरे सिग्नल आधीच वाटून झाले होते. त्यांनी सिगविंच घेतला. हा सिग्नल टर्मिनलकडून येतो, खिडकीचा आकार बदलला की. सर्व्हर मागे पडद्याआड पळत असतो, त्याला कुठली आलीय खिडकी? तेव्हाच्या हिशेबाने चोख काम. मग कंटेनर आले. कंटेनरात पडद्याआड जायची सोय नाही. एक नंबरची प्रोसेस मागे सरकून पोराला पुढे करायला गेली, की मालक गेला असं समजून डॉकर दुकानच बंद करतो. म्हणून इंजिनएक्सला ‘डीमन ऑफ’ सांगावं लागतं आणि अपाचीला ‘फोरग्राउंड’. अपाची असा पुढे येऊन बसला. आता कुणी हौसेने त्याचा कंटेनर टर्मिनल जोडून चालवतो, लॉगची ओळ मावत नाही म्हणून खिडकीचा कोपरा माउसने धरून जरासा ओढतो, आणि वेबसाइट बंद पडते. तीही सभ्यपणे, हातातल्या विनंत्या पुऱ्या करून. ही हकिकत सांगितली की पोरं हसतात, मग खात्री करायला खिडकी ओढून बघतात. बघावीच. विश्वास ठेवून चालण्यासारखं हे क्षेत्र नाही.

मुरलेला अ‍ॅडमिन कंटेनरात शिरला की त्याच्या बोटांतून आपसूक पहिली कमांड निघते, ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’. उत्तर येतं की ही सिस्टीम सिस्टमडीने बूट झालेली नाही, सबब काही करता येत नाही. खाली शेपूट: ‘होस्ट इज डाउन’. आमच्याकडे सर्व्हर सांभाळता सांभाळता केस पिकलेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी ही शेवटची ओळ वाचली आणि थेट डेटा सेंटरला फोन लावायला घेतला.

‘सर, होस्ट नाही पडला,’ शेजारची मुलगी म्हणाली. ‘आत सिस्टमडीच नाहीये.’

‘मग सर्व्हिस चालू कोण करणार?’

‘कोणीच नाही. कंटेनर म्हणजेच सर्व्हिस.’

‘बरं. आणि ती पडली तर?’

‘कंटेनर पडतो.’

‘मग?’

‘नवा येतो, सर.’

सरांनी फोन ठेवला. ‘अगं, मग माझी नोकरी नेमकी कशात आहे, तेवढं त्या मॅन्युअलमध्ये बघून ठेव.’

डेबियनच्या इमेज बनवणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. त्यांनी आत पॉलिसी-आरसी-डी नावाचं एक चिमुकलं स्क्रिप्ट ठेवलंय. तुम्ही एखादं पॅकेज बसवता, ते नेहमीच्या उत्साहाने आपली सर्व्हिस सुरू करायला जातं, आणि हे स्क्रिप्ट दारातच त्याच्या हातावर १०१ ठेवतं. १०१ चा अर्थ ‘मनाई आहे’. आहेराच्या पाकिटातला शुभ आकडा हाच, आणि खरं तर तिथेही त्याचा मथितार्थ ‘जेवलात, आता या’ असाच असतो.

जुन्या सर्व्हिसेसमध्ये माझा विशेष जीव आहे तो क्रॉनवर. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनची वंशावळ अजून चालू आहे. इतका सालस प्रोग्राम दुसरा नाही, आणि कंटेनरात इतके हालही दुसऱ्या कोणाचे होत नाहीत. याचं कारण त्याचे संस्कार. मशीनवर आपल्याखेरीज आणखी चारजण नांदतायत हे त्याने जन्मापासून गृहीत धरलंय: कोणी टपाल नेणारा, कोणी नोंदी ठेवणारा.

डेटाबेसचा पासवर्ड डॉकरने एन्व्हायरनमेंटमधून आत दिलेला असतो. क्रॉन कुठलंही काम सुरू करताना त्याला स्वच्छ, मोजके व्हेरिएबल नेसवून पाठवतो. बाहेरचं काही अंगावर राहू देत नाही. त्यामुळे जॉबला पासवर्ड मिळत नाही. जॉब रडतो, म्हणजे एररच्या चार ओळी छापतो. क्रॉनची रीत अशी की जॉबने काही छापलं तर ते मालकाला मेल करायचं. कंटेनरात मेल नेणारं कोणी नाही. मग डेबियनचा क्रॉन प्रामाणिकपणे नोंद करतो: मेल एजंट बसवलेला नाही, सबब मजकूर टाकून देत आहे. ही नोंद तो कुठे करतो? सिसलॉगमध्ये. कंटेनरात सिसलॉगही नाही. म्हणजे जॉब फसला, फसल्याची तक्रार हरवली, आणि तक्रार हरवल्याची नोंदसुद्धा हरवली. बाहेरच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार.

याहून अवघड प्रकार पॅमचा. क्रॉनच्या पॅमच्या फाइलीत ‘लॉगिनयूआयडी’ची एक ओळ असते. ते मॉड्यूल ऑडिटसाठी कोण आलं-गेलं त्याचा नंबर लिहायला जातं, काही कंटेनरांत ते लिहायची परवानगी नसते, आणि ओळीपुढे ‘रिक्वायर्ड’ असल्यामुळे अख्खा कार्यक्रम रद्द. क्रॉन दर मिनिटाला ठरल्या वेळी उठतो, काहीही करत नाही, आणि परत झोपतो. जिवंत आहे का? आहे. पीआयडी आहे का? आहे. आणखी काय पाहिजे!

चुकून जॉब चाललाच, तर वेळ. इमेजमधलं घड्याळ यूटीसीवर असतं. सोसायटीच्या अ‍ॅपवरून ‘आज पाणी दहापर्यंतच’ हा निरोप सकाळी नऊला जायचा, तो दुपारी अडीचला जातो. ज्यांनी बादल्या भरल्या नाहीत ते सभासद मग सेक्रेटरीच्या घरी जातात. सर्व्हरच्या हिशेबाने निरोप नऊलाच गेलेला असतो, त्यामुळे त्याची बाजू भक्कम. ‘टीझेड’मध्ये आशिया/कोलकाता लिहावं तर काही कृश इमेजमधून टाइमझोनची माहितीच काढून टाकलेली असते. तिथे न सापडलेल्या गावाची वेळ विचारली तर चूक दाखवत नाहीत. गुपचूप यूटीसी देतात.

उपाय आहेत. एन्व्हायरनमेंट आधीच एका फाइलीत ओतून ठेवायचा आणि जॉबने तो वाचायचा. पॅमची ती ओळ सौम्य करायची. जॉबचं आउटपुट प्रॉकमधल्या एक नंबरच्या पहिल्या धारेकडे वळवायचं, म्हणजे बोलायचं आपण आणि शब्द घालायचे मालकाच्या तोंडी. आणि क्रॉनटॅबच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारायचा, कारण एंटरशिवाय संपलेली ओळ क्रॉन जमेत धरत नाही. या शेवटच्या उपायावर लोकांच्या रात्री गेल्यात.

त्यामानाने इंजिनएक्सच्या अधिकृत इमेजमधला टाका बघा. आत लॉगची फाइल आहे, नेहमीच्या जागी, नेहमीच्या नावाने. फक्त ती फाइल नाही. स्टँडर्ड आउटपुटकडे जाणारी सिमलिंक आहे. इंजिनएक्स आयुष्यभर समजतो की आपण वहीत लिहितोय, प्रत्यक्षात तो खिडकीतून ओरडत असतो आणि बाहेर डॉकर ते टिपून घेत असतो. याला म्हणतात रेटून.

आता काही लोकांना एवढी ठिगळं नकोच असतात. ते म्हणतात, आम्ही कंटेनरात सिस्टमडीच बसवतो. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी हा नवा इनिट आणला, आणि पुढच्या पाच वर्षांत फेडोरा, रेड हॅट, डेबियन असे एकेक गड त्याने घेतले. डॉकरच्या मंडळींना तो आत नको होता: एका कंटेनरात एक काम, असा त्यांचा खाक्या. रेड हॅटचे डॅन वॉल्श वर्षानुवर्षं उलट सांगत राहिले की लोकांना आपल्या सर्व्हिसेस आहेत तशाच आत न्यायच्या आहेत, नेऊ द्या. २०१६ मध्ये ब्रनोच्या परिषदेत त्यांनी एका डॉकरकर्मीच्या बिल्ल्याचा फोटो दाखवला. सिस्टमडीसाठीचे बदल मी घेत नाही, अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं. भांडण गळ्यातल्या बिल्ल्यापर्यंत गेलं म्हणजे ते निव्वळ तांत्रिक राहिलेलं नसतं.

तर हा सिस्टमडी तुम्ही आत बसवलात, आणि संध्याकाळी ‘डॉकर स्टॉप’ म्हटलंत. सिगटर्म मिळाला की सिस्टमडी मरत नाही. तो आपली सगळी स्मृती एका गाठोड्यात बांधतो, स्वतःचाच प्रोग्राम नव्याने चढवतो, गाठोडं सोडतो आणि काम पुढे चालू करतो. हा बग नव्हे, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं वागणं आहे. तुम्ही म्हणता मर. तो म्हणतो, आत्ताच पुनर्जन्म घेऊन आलो, बोला. दहा सेकंदांनी सिगकिल येतो आणि चक्र तिथे खंडित होतं. त्याला रीतसर निरोप द्यायचा तर सिगआरटीमिन अधिक तीन लागतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या लिनक्सवर ३७ नंबरचा सिग्नल. तो डॉकरफाइलमध्ये आधीच लिहून ठेवावा लागतो. पॉडमन या बाबतीत चाणाक्ष. तुम्ही आत इनिट चालवताय हे ओळखून तो न विचारता ‘रन’ आणि ‘टेम्प’वर तात्पुरत्या फाइलसिस्टीम बसवतो, सिग्नल बदलतो, आणि गप्प राहतो.

पण सिस्टमडीचं एक मला मनापासून आवडतं. थापेच्या या सगळ्या राज्यात खरं ऐकून घ्यायला तयार असलेला तो एकटाच. एक नंबरच्या एन्व्हायरनमेंटमध्ये ‘कंटेनर’ या नावाचा व्हेरिएबल ठेवा, त्याला कळतं की आपण भाड्याच्या जागेत आहोत. मग ज्या युनिटमध्ये ‘कंटेनर असेल तर नको’ अशी अट आहे, त्या सर्व्हिसेस तो उठवतच नाही, आणि त्यांना नापासही करत नाही; अट पुरी झाली नाही, एवढंच लिहितो. हार्डवेअर हुंगत फिरणारा यूडेव्ह तर एकच गोष्ट बघतो: ‘सिस’ची फाइलसिस्टीम लिहिता येते का? येत नसेल तर इथे आपलं काम नाही हे ओळखून बाजूला होतो. इतकी समज पुष्कळ माणसांना नसते.

नवं संकट आलंय ते सुरक्षेच्या अंगाने. हल्लीच्या सर्व्हिसेस स्वतःच स्वतःभोवती कुंपण घालून येतात: मला माझी वेगळी ‘टेम्प’ पाहिजे, बाकीची डिस्क माझ्यापुरती बंद करा. म्हणजे कंटेनर नावाच्या थापेच्या आत त्यांना स्वतःची खासगी थाप हवी असते. आत ती मांडायची परवानगी नसते, आणि सर्व्हिस कोड २२६ टाकून पडते, पुढे मोठ्या अक्षरांत ‘नेमस्पेस’. एलएक्ससी चालवणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो. नीट उपाय दोन. एक तर कंटेनरला नेस्टिंगची परवानगी द्यायची. नाहीतर युनिटची मूळ फाइल न छेडता शेजारी ‘ओव्हरराइड’ फाइल ठेवून तिच्यात दोन ओळी लिहायच्या: ‘सर्व्हिस’ हे शीर्षक आणि खाली ‘प्रायव्हेटटेम्प नाही’. ज्याला दोन्ही समजत नाहीत तो तिसरा उपाय करतो, ‘प्रिव्हिलेज्ड’. या एका पर्यायाने सगळ्या तक्रारी बंद होतात, कारण सगळी कुंपणंच काढलेली असतात. ‘सिस’ लिहिता येऊ लागतं, यूडेव्ह उठून यजमानाच्या हार्डवेअरशी खेळू लागतो, आणि आतला गेटी यजमानाच्या टर्मिनलवर ‘लॉगिन’ म्हणून हक्क सांगायला धावतो. चालतं मात्र पहिल्या फटक्यात.

या सगळ्याचं ऑडिट होतं. ऑडिटर येतात ते एक्सेलची यादी घेऊन, आणि यादी जेव्हा केली तेव्हा सर्व्हर म्हणजे लोखंडाची वस्तू होती. पहिल्या रकान्यात ‘सर्व्हरचं नाव’. त्यात आम्ही कंटेनरांची नावं भरून दिली, कारण रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. पुढची ओळ: प्रत्येक सर्व्हरवर वेळ जुळवणारी सर्व्हिस चालू आहे का, होय की नाही. ‘लागू नाही’ असा पर्याय नाही. ऑडिटरबाईंना समजावलं की घड्याळ कर्नलचं असतं, कर्नल एकच असतो, तो यजमान मशीनवर जुळवलेला आहे. कंटेनरला घड्याळाच्या काट्याला हात लावायची परवानगीच नसते, म्हणून सिस्टमडीची टाइमसिंक सर्व्हिससुद्धा आत उठत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘म्हणजे चालू नाही,’ त्या म्हणाल्या, आणि लाल पेन उघडलं.

तेव्हा आमच्या त्या पिकल्या केसांच्या सरांनी क्रोनी बसवला. क्रोनीला उणे एक्स नावाचा एक पर्याय आहे, आणि तो बरोबर याच प्रसंगासाठी ठेवल्याचं त्याच्या मॅन्युअलमध्येच आहे: सर्व्हिस चालते, बाहेरच्या घड्याळांना वेळ विचारते, फरक किती त्याचा हिशेब ठेवते, फक्त आपल्या घड्याळाला हात लावत नाही. आता प्रत्येक कंटेनरात वेळ जुळवणारी एक सर्व्हिस आहे, ती चोवीस तास चालू असते आणि वेळ जुळवत नाही. बाईंनी स्टेटस बघितलं. हिरव्या अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्ह, रनिंग’. त्यांनी ‘होय’वर खूण केली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.

‘या सगळ्या सर्व्हरची यूएसबी पोर्टं सील केलीयत का?’

‘केलीयत,’ सर म्हणाले.